पंचवीस लाखांत बसणारी अकरा उत्तरं

पुणे महापालिकेत २००६ पासून एक चांगली पद्धत सुरू आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातली कोणती कामं घ्यावीत, हे नागरिक स्वतः अर्ज करून सुचवू शकतात. काम लहान असावं लागतं, त्याचा खर्च पाच लाख रुपयांच्या आत बसावा लागतो, आणि अर्ज आपल्या क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. येरवड्यातल्या माणसासाठी ते ठिकाण म्हणजे येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालय. पदपथ, पथदिवे, बाकडी, बसथांब्याची शेड, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामं या वाटेनं सुचवली जातात. मोठ्या उड्डाणपुलांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ वाटेल. पण माणूस रोज घराबाहेर पडतो तेव्हा त्याच्या पायाखाली येतं ते याच कामांपैकी काहीतरी.

अर्ज जितके येतात तितके पैसे नसतात. प्रत्येक भागाच्या वाट्याला ठरावीक रक्कम येते आणि मागण्यांची बेरीज तिच्या पुढे जाते. मग प्रश्न उरतो तो असा: या यादीतली कोणती कामं निवडली तर बेरीज मर्यादेच्या आत राहील आणि तरीही तिच्या जास्तीत जास्त जवळ जाईल? येरवड्यासारख्या भागात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. इथे एकाच परिसरात आयटी पार्क आहेत, जुनी सरकारी आवारं आहेत, बंगले आहेत आणि दाट वस्त्याही आहेत. एका गल्लीला ओपन जिम हवी असते, तर शेजारच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन दर पावसाळ्यात तुंबते. दोन्ही मागण्या एकाच यादीत एकाखाली एक येतात.

हा प्रश्न गणितात फार प्रसिद्ध आहे. दिलेल्या आकड्यांमधून असे काही निवडा की त्यांची बेरीज ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा त्याच्या जवळपास येईल. दिसायला शाळकरी, सोडवायला अवघड. आणि तो सोडवण्याचं एक समर्थ साधन आज जवळजवळ प्रत्येक कार्यालयात, सोसायटीत आणि दुकानात आहे: स्प्रेडशीट. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी बनवलेलं व्हिजीकॅल्क बाजारात आलं, तेव्हापासून हे साधन बेरजांसाठी वापरलं जातं. निवडीसाठी ते कसं वापरायचं, हे या प्रकरणात पाहू.

बारा कामं, तीन पद्धती

समजा, एका भागासाठी २५ लाख रुपये आहेत आणि बारा अर्ज आले आहेत. कामं नेहमीचीच आहेत. आकडे मात्र समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. अर्ज आले त्या क्रमानं यादी अशी:

१. गल्लीतले पथदिवे – ३,४०,०००
२. ड्रेनेज लाइन बदलणे – ४,९०,०००
३. गल्लीचं काँक्रीटीकरण – ४,६०,०००
४. सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती – ४,२०,०००
५. बसथांब्याची शेड – २,७०,०००
६. बाकडी – १,२०,०००
७. दिशादर्शक फलक – ८५,०००
८. ओपन जिमचं साहित्य – ३,९०,०००
९. अंगणवाडीची डागडुजी – २,६०,०००
१०. पदपथाची दुरुस्ती – ४,८०,०००
११. चेंबरची झाकणं – १,७५,०००
१२. गतिरोधक – ९५,०००

एकूण बेरीज ३५,८५,०००. म्हणजे किमान १०,८५,००० रुपयांची कामं गाळावी लागणार.

आता हातानं निवडून पाहू. पहिली पद्धत: अर्ज आले त्या क्रमानं जायचं, बसेल ते घ्यायचं, न बसेल ते सोडायचं. पहिली सात कामं बसतात, आठवं बसत नाही, नववं बसतं आणि पुढचं एकही बसत नाही. आठ कामं होतात, खर्च २४,४५,००० आणि ५५,००० शिल्लक राहतात. चेंबरची झाकणं सुटली, कारण तो अर्ज अकरावा होता. अर्ज उशिरा आला म्हणून धोका कमी होत नाही, पण ही पद्धत तसं धरून चालते.

दुसरी पद्धत: लहान कामांपासून सुरुवात. नऊ कामं होतात, सर्वांत जास्त. पण खर्च २१,५५,००० वर थांबतो. उरलेल्या ३,४५,००० रुपयांत बाकीच्या तीन कामांपैकी एकही मावत नाही आणि ड्रेनेज लाइन त्या तिघांत आहे.

तिसरी पद्धत: मोठ्या कामांपासून सुरुवात. ड्रेनेज, पदपथ, काँक्रीट, स्वच्छतागृह आणि जिम मिळून २२,४०,००० होतात. पथदिवे बसत नाहीत, शेड बसत नाही, अंगणवाडी बसते. बेरीज बरोबर २५,००,०००. शिल्लक शून्य.

हिशेबाच्या दृष्टीनं तिसरं उत्तर निर्दोष आहे. पण त्यात कामं फक्त सहा आहेत. गल्लीत दिवा नाही, चेंबरवर झाकण नाही, रस्त्यावर गतिरोधक नाही आणि ओपन जिम मात्र आहे. बेरीज जुळली याचा अर्थ निवड योग्य झाली असा होत नाही. या संपूर्ण प्रकरणाचा गाभा हाच आहे, आणि स्प्रेडशीटचा उपयोग या गोष्टीकडे डोळेझाक करण्यासाठी न होता ती स्पष्ट दाखवण्यासाठी व्हायला हवा.

शून्य आणि एक

शीटची मांडणी सोपी आहे. पहिल्या रकान्यात कामाचं नाव, दुसऱ्यात अंदाजित खर्च आणि तिसऱ्यात फक्त शून्य किंवा एक. काम घेतलं तर एक, सोडलं तर शून्य. बाजूच्या एका चौकटीत मर्यादा, म्हणजे २५,००,०००. तिच्याखाली ‘समप्रॉडक्ट’ हे सूत्र, त्यात दुसरा आणि तिसरा रकाना द्यायचा. हे सूत्र प्रत्येक खर्चाला शेजारच्या शून्यानं किंवा एकानं गुणतं आणि सगळ्यांची बेरीज करतं. म्हणजे घेतलेल्या कामांचाच खर्च मिळतो. त्याखाली तिसरी चौकट: मर्यादा वजा खर्च, म्हणजे शिल्लक.

एवढं केलं तरी बैठकीचं रूप पालटतं. कुणी म्हणालं की बाकडी काढा आणि गतिरोधक घ्या, तर दोन आकडे बदलायचे आणि शिल्लक सगळ्यांसमोर दिसते. भिंतीवर ही शीट दाखवली की चर्चा आवाजाच्या जोरावर चालत नाही, आकड्यांवर चालते.

बारा कामं, प्रत्येकाला दोन पर्याय. एकूण निवडी किती? दोनाला दोनानं बारा वेळा गुणायचं: ४,०९६. हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त अशीच उदाहरणं आहेत. राजवाड्याला आठ द्वारं असतील, तर त्यांपैकी एक, दोन, तीन अशी उघडण्याचे एकूण प्रकार किती, असा प्रश्न तिथे येतो. उत्तर २५५. सहा रसांपासून एक, दोन, तीन रस घेऊन पदार्थांचे किती प्रकार होतील, याचं उत्तर ६३. प्रत्येक द्वार उघडं किंवा बंद, प्रत्येक रस आहे किंवा नाही. आठ वेळा दुप्पट केलं की २५६ होतात आणि काहीच न निवडण्याचा एक प्रकार वगळला की २५५ उरतात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. निवडींची मोजणी हा त्या परंपरेत रीतसर शिकवण्याचा विषय होता. निवड करण्याआधी निवडी किती आहेत ते मोजा, ही त्यातली शिस्त आपल्यालाही उपयोगी पडते.

चार हजार शहाण्णव रांगा

४,०९६ निवडी माणसाला तपासता येत नाहीत. शीटला क्षणभरही लागत नाही. नव्या पानावर पहिल्या रकान्यात ० ते ४,०९५ हे आकडे उतरवायचे. शेजारी बारा रकाने, एकेका कामासाठी एक. प्रत्येक आकडा द्विमान पद्धतीत लिहिला की आपोआप बारा शून्य-एक मिळतात, आणि प्रत्येक रांगेतली जुळणी वेगळी असते. त्यासाठीचं सूत्र असं चालतं: रांगेच्या आकड्याला पहिल्या कामासाठी १ नं, दुसऱ्यासाठी २ नं, तिसऱ्यासाठी ४ नं, असं दुपटीच्या आकड्यानं भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि जे उरेल ते विषम असेल तर एक, सम असेल तर शून्य. शेवटच्या रकान्यात त्या रांगेचा खर्च. मग फिल्टर लावायचा: खर्च २५,००,००० पेक्षा जास्त नसलेल्या रांगा, उतरत्या क्रमानं.

वर दिलेल्या यादीचं असं केलं, तर बरोबर २५,००,००० देणाऱ्या अकरा रांगा मिळतात. मोठ्या कामांपासून सुरू केल्यावर सापडलेलं उत्तर हे त्या अकरांपैकी केवळ एक आहे.

एका प्रश्नाला अकरा अचूक उत्तरं का मिळावीत? सगळे खर्च पाच हजारांच्या पटीत आहेत. शून्यापासून ३५,८५,००० पर्यंत पाच हजारांच्या पटीतल्या वेगवेगळ्या बेरजा होऊन होऊन ७१८ होऊ शकतात. निवडी मात्र ४,०९६ आहेत. साहजिकच अनेक निवडींना एकच बेरीज वाटून घ्यावी लागते. सरासरीनं एका बेरजेमागे जवळजवळ सहा, आणि मधल्या भागात त्याहून जास्त. म्हणून ‘पैसे बरोबर संपले’ ही निवडीच्या बाजूनं फारशी मोठी साक्ष नाही. पैसे बरोबर संपवणाऱ्या इतरही दहा याद्या होत्या.

ही अडचण म्हणून न पाहता मोकळीक म्हणून पाहावी. अचूक बेरजा अनेक असतील, तर त्यांतली आपल्या गरजेला धरून असलेली निवडता येते. समजा, भागातल्या लोकांनी आधीच ठरवलं की पाच कामं कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाहीत: ड्रेनेज लाइन, स्वच्छतागृह, अंगणवाडी, चेंबरची झाकणं आणि पथदिवे. त्यांचा खर्च १६,८५,०००. या पाच जागी एक पक्का करायचा. आता उरलेल्या सात कामांच्या फक्त १२८ निवडी राहतात आणि ८,१५,००० रुपये. अकरा अचूक उत्तरांपैकी ही अट पाळणारं उत्तर एकच आहे: त्या पाचांबरोबर काँक्रीटीकरण, बसथांब्याची शेड आणि फलक. आठ कामं, बेरीज बरोबर २५,००,०००. गळाली ती बाकडी, जिम, पदपथ आणि गतिरोधक.

इथे कुणीतरी नक्की विचारेल, आणि विचारायलाच हवं: फलक घेतले आणि गतिरोधक सोडले, हे बरोबर आहे का? अदलाबदल केली तर खर्च २५,१०,००० होतो, मर्यादेच्या दहा हजार वर. शीट नाही म्हणेल. पण दहा हजार म्हणजे संपूर्ण रकमेच्या अर्धा टक्काही नाही, आणि यादीतला प्रत्येक आकडा हा शेवटी अंदाजच आहे. शेडच्या आराखड्यात थोडा बदल करून तेवढी बचत होते का, हे कनिष्ठ अभियंत्याला विचारण्याची ती वेळ असते. शाळेजवळच्या रस्त्यावर वेग कमी करायचा की चौकात नवी पाटी लावायची, याचं उत्तर शिल्लक दाखवणाऱ्या चौकटीत मिळत नाही.

सॉल्व्हर वापरताना

प्रत्येक वेळी हजारो रांगा मांडण्याची गरज नाही. एक्सेलमध्ये ‘सॉल्व्हर’ नावाचं जोडसाधन आहे. फ्रंटलाइन सिस्टिम्स या कंपनीनं ते तयार केलं. ते आधी ॲड-इन्सच्या यादीतून सुरू करावं लागतं. लिब्रेऑफिस कॅल्क हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तिथेही सॉल्व्हर मिळतो.

त्याला तीन गोष्टी सांगायच्या. पहिली, कोणती चौकट मोठ्यात मोठी करायची: एकूण खर्चाची. दुसरी, कोणत्या चौकटी बदलायच्या: शून्य-एकचा रकाना. तिसरी, अटी: खर्च मर्यादेपेक्षा जास्त नको, आणि बदलायच्या चौकटींत फक्त शून्य किंवा एक, यासाठी अटींमध्ये ‘बिन’ हा पर्याय असतो. पद्धत म्हणून ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडायची. सक्तीच्या कामांसाठी त्या त्या चौकटीत एक असावा अशी वेगळी अट घालायची. एक्सेलमधला हा सॉल्व्हर जास्तीत जास्त २०० चौकटी बदलू शकतो. एका भागाच्या यादीला ते पुरतं.

एक सेटिंग मात्र आवर्जून बदलावं. नव्या एक्सेलमध्ये पूर्णांकांच्या प्रश्नांसाठी सॉल्व्हर एक टक्क्याची सूट धरून चालतो. सर्वोत्तम उत्तराच्या एक टक्का आत पोचल्याची खात्री झाली की तो थांबतो आणि उत्तर सापडलं असं सांगतो. २५ लाखांवर एक टक्का म्हणजे २५,००० रुपये. ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ही सूट शून्य केली नाही, तर त्याहून चांगली निवड असूनही ती कदाचित दिसणार नाही.

आणि खरी सुधारणा याच्या पुढे आहे. एकूण खर्च मोठ्यात मोठा करण्याऐवजी, प्रत्येक कामाला निकडीचे गुण द्या. एक ते पाच पुरेत. किती लोकांना उपयोग होतो, धोका टळतो का, गेल्या वर्षी हेच काम राहिलं होतं का, असे दोन-तीन निकष आधी सर्वांच्या संमतीनं ठरवा. मग निवडलेल्या कामांच्या गुणांची बेरीज मोठ्यात मोठी करायला सॉल्व्हरला सांगा आणि पैशांची मर्यादा केवळ अट म्हणून ठेवा. सूत्र तेच राहतं. खर्चाच्या रकान्याऐवजी गुणांचा रकाना येतो. पैसे संपवणं हा हेतू मागे पडतो आणि गरज भागवणं हा पुढे येतो.

यादी वाढली तर

बारा कामांचं सहज झालं, कारण ४,०९६ ही संख्या लहान आहे. प्रत्येक नव्या कामासरशी ती दुप्पट होते. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीपासून एका पानावर १०,४८,५७६ रांगा असतात, आणि ही संख्या म्हणजे दोनाचा बरोबर विसावा घात. वीस कामांच्या सगळ्या निवडी एका पानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत काठोकाठ भरतात. एकविसावं काम आलं की पान अपुरं. चाळीस कामांच्या निवडी होतात १,०९,९५१ कोटींहून जास्त. सेकंदाला एक कोटी निवडी तपासणारं यंत्र लावलं, तरी तीस तासांच्या वर लागतील. पन्नास कामांना त्याच्या हजारपट.

हा अडथळा केवळ यंत्राच्या वेगाचा नाही. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी एकमेकांइतक्याच अवघड अशा २१ प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली, त्यात हा बेरजेचा प्रश्न आहे. कुणी उत्तर आणून दिलं तर ते बरोबर आहे का, हे एका बेरजेत कळतं. पण उत्तर शोधण्याची, कोणत्याही आकड्यांवर हमखास झटपट चालेल अशी पद्धत आजपर्यंत कुणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असंही कुणी सिद्ध करू शकलेलं नाही.

तरीही व्यवहारात दोन वाटा फार कामाच्या आहेत.

पहिली वाट आकडे ढोबळ असतील तेव्हाची. आपले खर्च पाच हजारांच्या पटीत असल्यानं २५ लाखांपर्यंत शून्य धरून फक्त ५०१ बेरजा शक्य आहेत. मग निवडींऐवजी बेरजांचा तक्ता मांडायचा. वर आडवे ५०१ रकाने, प्रत्येक बेरजेचा एक. खाली प्रत्येक कामाची एक रांग. प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट नोंदवायची: इथपर्यंतची कामं वापरून ही बेरीज जमते का? नियम सोपा आहे. पहिल्या कामाच्या वर फक्त शून्य बेरजेला ‘हो’ धरायचा. मग वरच्या रांगेत ती बेरीज आधीच जमत असेल तर हो; किंवा या कामाच्या खर्चाइतकी कमी बेरीज वरच्या रांगेत जमत असेल तरीही हो; नाहीतर नाही. चाळीस कामांसाठी हा तक्ता २०,०४० चौकटींचा होतो. जिथे निवडी लाख कोटींच्या पुढे जातात, तिथे वीस हजार चौकटींत काम भागतं. शेवटच्या रांगेत सर्वांत उजवीकडचा ‘हो’ म्हणजे मर्यादेच्या सर्वांत जवळची बेरीज, आणि तिथून वर वर परत जात कोणती कामं वापरली गेली ते शोधता येतं.

दुसरी वाट आकडे बारीक, रुपये-पैशांपर्यंतचे असतील तेव्हाची. ती १९७४ मध्ये एलिस होरोविट्झ आणि सरताज साहनी यांनी दाखवली. साहनींचा जन्म पुण्याचा, १९४९ चा; आयआयटी कानपूर आणि मग कॉर्नेल विद्यापीठ असं त्यांचं शिक्षण झालं. त्यांची कल्पना अशी: चाळीस आकड्यांचे वीस-वीसचे दोन गट करा. प्रत्येक गटाच्या सगळ्या बेरजा काढा, म्हणजे दोन्हीकडे १०,४८,५७६. दुसरा गट चढत्या क्रमानं लावा. आता पहिल्या गटातली एकेक बेरीज घ्या, ती लक्ष्यातून वजा करा आणि उरलेल्या रकमेच्या सर्वांत जवळची पण तिच्याहून मोठी नसलेली बेरीज दुसऱ्या गटात शोधा. क्रम लावलेल्या रकान्यात हा शोध ‘मॅच’ या सूत्रानं होतो. शीट जड होईल, संगणक थोडा वेळ घेईल, पण लाख कोटींचं काम सुमारे एकवीस लाख बेरजांवर येतं.

बिलं जुळवणाऱ्यांसाठी एक इशारा

याच प्रश्नाची दुसरी बाजू प्रत्येक हिशेबनिसाला ओळखीची असते. ग्राहकाकडून बँकेत एकरकमी पैसे येतात आणि ते कोणकोणत्या बिलांचे आहेत हे कळत नाही. उघडी वीस बिलं समोर असतात. शून्य-एकचा रकाना लावला की बरोबर तेवढी बेरीज देणारी बिलं सापडतात आणि नोंद होते.

इथे थांबून विचार करायला हवा. वीस बिलांची मिळून बेरीज दहा लाख असेल आणि सगळी रुपयांपर्यंतच असतील, तर शक्य बेरजा दहा लाख आणि निवडी साडेदहा लाखांच्या जवळ. म्हणजे सरासरीनं प्रत्येक रकमेला केवळ योगायोगानं जुळणारी एक निवड असतेच. बिलं शेकड्यांत असतील, तर अशा शंभर. अंदाजपत्रकात अनेक उत्तरं असणं ही मोकळीक होती. इथे ती चूक होण्याची जागा आहे, कारण ग्राहकानं खरोखर फेडलेली बिलं एकच ठरावीक संच असतात. म्हणून शीटनं दिलेली जुळणी हा प्रश्न मानावा, पुरावा मानू नये. ती यादी ग्राहकाला पाठवून खात्री करून घ्यावी.

बिलांच्या रकमांत पैसे असतील, तर त्या मुळीच पूर्ण रुपयांत करू नयेत. शेवटचे दोन अंकच योगायोग शंभरपटीनं कमी करतात. ग्राहकानं टीडीएस कापला असेल, तर बिलाची रक्कम आणि आलेली रक्कम यांत फरक राहणार, म्हणून आधी प्रत्येक बिलाची कपातीनंतरची रक्कम वेगळ्या रकान्यात काढावी आणि जुळणी तिच्यावर करावी. आणखी एक: संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे दहा पैशांसारखी साधी रक्कमही आत तंतोतंत बसत नाही. दोन बेरजा समान आहेत का, असं थेट विचारलं तर कधीकधी चुकीचा नकार मिळतो. उपाय म्हणजे सगळ्या रकमांना शंभरनं गुणून, पूर्णांकात आणून, पैशांतच हिशेब करावा.

आधी काय सोडायचं नाही ते

दोन्ही उदाहरणांतून निघणारा नियम एकच आहे. बेरीज जुळवणं हे शीटचं काम आहे आणि ते तिला माणसापेक्षा कितीतरी चांगलं जमतं. पण तिला यादी देण्याआधी दोन गोष्टी माणसांनी ठरवलेल्या असाव्या लागतात: काय सोडायचं नाही, आणि जे सोडायचं ते कोणत्या कारणानं. हे आधी ठरलं नाही, तर शीट अकरांपैकी जे पहिलं सापडेल ते उत्तर देईल आणि नीटनेटक्या शून्य शिल्लकेमुळे ते सगळ्यांना योग्य वाटेल.

हे ठरवण्याच्या ठिकाणी सगळे हजर असणंही तितकंच गरजेचं आहे. अर्ज भरायला वेळ, माहिती आणि इंटरनेट असलेल्यांची कामं यादीत जास्त येतात. जे काम यादीतच नाही, त्याच्यासमोर एक लिहिण्याची सोय कोणत्याही सूत्रात नाही. म्हणून निवडीच्या बैठकीआधी वस्तीतल्या बचत गटांपर्यंत, अंगणवाडीपर्यंत, सोसायट्यांपर्यंत कोरे अर्ज पोचवणं आणि ते भरायला मदत करणं हा गणिताच्याही आधीचा टप्पा आहे.

आणि निवड झाल्यावर संपूर्ण शीट लोकांसमोर ठेवावी, फक्त मंजूर कामांची यादी नव्हे. कामाचं नाव, खर्च, निकडीचे गुण, शून्य किंवा एक, आणि शून्य असेल तर त्याचं कारण एका ओळीत. बारा ओळींच्या या कागदावरून कुणालाही आपली बेरीज करून पाहता येते, दुसरी निवड सुचवता येते आणि पुढच्या वर्षी विचारता येतं की गेल्या वेळी शून्य मिळालेल्या कामांचं काय झालं. निवड पारखण्याची ही ताकद नागरिकांच्या हातात आली, की क्षेत्रीय कार्यालयातलं अंदाजपत्रक खऱ्या अर्थानं त्यांचं होतं.